पोहे खायला जातात म्हणे गुरुजी!

झेडपीची बाई (पहिली-दुसरी, करवीर)

काल उद्यमनगरातल्या एका दादांनी इथं ग्रुपवर टाकलं होतं, "मास्तर लोकांची वाचन-लेखनाची प्रशिक्षणं म्हणजे पोहे, चहा, फुकटची पिशवी आणि वर्गाला सुट्टी. माझा भाचा दुसरीत आहे, एक ओळ धड वाचत नाही." त्यावर ऐंशी अंगठे. त्यात माझी सख्खी वहिनी. म्हणून चपात्या तशाच ठेवून लिहायला बसले.

पोहे मिळतात, कबूल. गार असतात. पिशवीचा बंद तिसऱ्या दिवशी तुटतो. आणि हेही कबूल की सोळा वर्षांत केलेली बहुतेक प्रशिक्षणं वाया गेली. वाचन कसं शिकवावं हे सांगायला आलेला माणूस पडद्यावरचं जसंच्या तसं वाचून दाखवतो आणि आम्ही माना डोलावतो. ऑनलाइन असलं की व्हिडिओ चालू ठेवून मेथी निवडायची. मीही निवडली आहे.

पण एकदा एका ताईंनी आमच्या हातात कागद दिला. त्यावर कुठल्याच भाषेतली नसलेली, त्यांनी स्वतः तयार केलेली चिन्हं. म्हणाल्या, पाच मिनिटं शिकवते, मग वाचा. दहाव्या मिनिटाला मी बाकाखाली मोबाइल काढला होता. माझ्या वर्गातली पोरं खिडकीबाहेर का बघत बसतात ते त्या दिवशी कळलं.

तेव्हा वर्गात एक पोरगा होता. पुस्तक उघडलं की धडा धडाधडा म्हणायचा. बोट 'पाऊस'वर, तोंडात 'छत्री'. पान उलटलं तरी गाडी थांबायची नाही. आधी क ते ज्ञ, मग बाराखडी, मग शब्द, ह्या क्रमानं गेलं की पोराला स्वतःचा म्हणून पहिला शब्द वाचायला दिवाळी उजाडते. ताईंनी दाखवलं तसं मी क, म, ल, ग आणि काना एवढेच अक्षरांचे पत्ते घेतले. काम, माल, गाल, कमाल. पंधरा दिवसांनी एसटी गेली तर पोरगं रस्त्यावरून ओरडलं, "बाई, कागल!" त्याचं आजोळ कागल. पाटी रोज त्याच्यासमोरून जात होती.

उद्यमनगरचा फाउंड्रीवाला

लय भारी लिहिलंय बाई. एक पोरगं, एक एसटी. आता बाकीच्या पोरांचं बोला की.

निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक पोराला समजून वाचता आलं पाहिजे, असं ठरलं. असर नावाच्या पाहणीचे आकडे बघा, खेड्यातल्या पोरांचे, अख्ख्या देशाचे. तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणारी पोरं २०१८ ला २७.३ टक्के, २०२४ ला २७.१. सहा वर्षं प्रशिक्षणावर प्रशिक्षण आणि गाडी त्याच स्टॉपवर. माझ्याकडं नवा मोल्डर आला तर मी त्याचं सर्टिफिकेट बघत नाही, कास्टिंग फोडून बघतो. तुमच्याकडं फोडून बघतंय कोण? बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण, चोवीसला निवडश्रेणीचं. पगार वाढला, संपलं.

झेडपीची बाई

मधला आकडा सोयीनं गाळलात दादा. २०२२ ला तो २०.५ होता. दीड-दोन वर्षं शाळा बंद, पोरं बापाच्या मोबाइलवर. तिथून वर कुणी आणलं? पोह्यांनी?

वेतनश्रेणीचं मात्र खरं आहे. त्या प्रशिक्षणात मी पहिल्या दिवशी सही केली आणि शेवटच्या दिवशी जागी झाले. झालं समाधान?

निवृत्त केंद्रप्रमुख

दोघेही मुद्द्याचं बोलत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. आता पालकाला विचारणारं कोणी नाही, सगळा जाब मास्तराला. त्यात मतदार याद्या, पोषण आहाराचा हिशेब, रोज नवी लिंक. नव्या शैक्षणिक धोरणानं वर्षाला पन्नास तास प्रशिक्षण सांगितलंय. तेवढे तास नुसते वर्गात बसू दिले तरी पोरं वाचतील.

आणि पत्त्यांचं कौतुक पुरे. आम्ही पाटीवर गिरवून शिकलो. आजच्या मुलांचं शुद्धलेखन बघवत नाही.

राजारामपुरीतली आई

शुद्धलेखनाचं निघालंच आहे तर सांगतो. (होय, सांगतो. कोल्हापूरची आहे मी.) माझ्या तिसरीतल्या लेकीनं निबंध लिहिला, 'मी पन्हाळ्याला गेलो'. बाईंनी लाल गोल करून वर लिहिलं, 'गेले. तू मुलगी आहेस.' लेक रडत घरी. म्हणाली, आई तू पण गेलो म्हणतीस, आजी पण म्हणते, मग आपण कोण? त्या दिवसापासून निबंध दोन ओळींत संपतो. चूक नको म्हणून लिहायचंच नाही. ह्यावर तुमच्या प्रशिक्षणात काही सांगतात का, का फक्त पिशवी?

निवृत्त केंद्रप्रमुख

बाईंचं बरोबर आहे. बोली घरात, वहीत प्रमाण. स्कॉलरशिपच्या पेपरला 'गेलो' चालणार नाही. पुढं मुलाखतीत लोक हसतील.

राजारामपुरीतली आई

कोण हसणार? पुण्याचे? हसू देत. आठ वर्षांच्या पोरीला मुलाखतीची भीती घालताय गुरुजी.

गडहिंग्लजकर

तुमचं गेलो-गेले तरी एकाच भाषेतलं. आमच्याकडं निम्म्या वर्गाच्या घरी कन्नड. शेजारचं पोरगं बाईंना म्हणालं, "पाणी आली." नळाला पाणी आलं होतं हे कुणी बघितलंच नाही, सगळे हसत बसले. आणि सीझनला ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मराठवाड्यातली पोरं येतात, त्यांची मराठी आणखी वेगळी. चार महिन्यांत गाशा गुंडाळून परत.

निवृत्त केंद्रप्रमुख

मग लिहा सगळे आपापलं. व्याकरण पंचगंगेत सोडा.

रंकाळ्याचा वारा

गुरुजी, तापू नका. ह्याच गावात लीलाताई पाटलांनी १९८५ ला सृजन आनंद विद्यालय काढलं. आधी शिक्षकांना घडवण्याचं काम, आणि निवृत्तीनंतर थेट मुलांच्यात. आपल्याकडं उलटं चालतं. ज्याला वर्गातून सुटायचंय तो साधन व्यक्ती होतो, म्हणजे इतर मास्तरांना प्रशिक्षण देणारा.

निवृत्त केंद्रप्रमुख

हा टोला मला असेल तर मी बावीस वर्षं वर्गावर होतो. माझ्याच हाताखाली एक मुलगी 'गेलो' लिहायची. मी दहा वेळा 'गेले' लिहून आणायला लावलं. आणलं तिनं. पुढं शाळा सोडली. कारण घरचं होतं, माझं नव्हे. पण आता हे वाचताना ती वही आठवली, एवढंच. नियम बदला असं मी म्हणत नाही.

झेडपीची बाई

ताई, खरं सांगते, सोळा वर्षांत ह्या 'गेलो'वर एकही तास झाला नाही. पुण्यात बसून प्रशिक्षणाचे घटक लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडणारच नाही. मी काय करते सांगते. पहिल्या लिखाणावर लाल पेन लावतच नाही. पन्हाळ्यावर काय बघितलंस, तबक उद्यानात कोण पडलं, वारा किती होता, एवढंच विचारते. मजकूर पानभर झाला की मग फळ्यावर दोन रकाने, 'आम्ही घरात म्हणतो' आणि 'पुस्तकात असतं'. पोरं स्वतःच वाटून टाकतात. चूक कुणाचीच नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे सर्टिफिकेट मागू नका.

उद्यमनगरचा फाउंड्रीवाला

म्हणजे कामाचं जे आहे ते प्रशिक्षणात नव्हतंच. मी काल तेच म्हणत होतो, ऐंशी अंगठे उगीच नव्हते.

बरं, ते क-म-ल-ग पत्त्यांचं तेवढं खरं असेल तर भाच्याला रविवारी आणतो. आजोळ त्याचं कागल नाही, मुरगूड आहे, त्याला पत्ते जास्त लागतील. पोहे माझ्याकडनं, गरम. पिशवी मिळणार नाही.

झेडपीची बाई

रविवारी मतदार याद्या आहेत. सोमवारी शाळा सुटल्यावर आणा. मुरगूडला दोन उकार लागतात, ऱ्हस्व आणि दीर्घ, घाई करू नका. या तुम्ही, मी थांबतो वर्गात.