मदत हवी आहे : विंडोज ७ ची डीव्हीडी बूट होते, पण अर्ध्यात 'डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर नाही' म्हणून अडते

नमस्कार मंडळी,

तासगावात आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे. बाबांनी सुरू केला, आता मी बघते. वर्षभर लग्नपत्रिका आणि बिलबुकं, पण पावसाळ्यात मुख्य काम म्हणजे पतसंस्था आणि विकास सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. त्यांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात, नोटीस चौदा दिवस आधी जाते, म्हणजे अहवाल त्याच्याही आधी सभासदांच्या हातात पडायला हवा. नेमका आत्ताच आमचा २००८ सालचा कॉम्प्युटर बंद पडला. मदरबोर्डच गेला. हार्ड डिस्क शाबूत आहे, दुसऱ्या मशीनला लावून सगळ्या फायली पाहिल्या.

त्याच्यावर ३२ बिटचं विंडोज ७ होतं. पेजमेकर ७ आणि मराठी टंकांचं जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालायचं. टंकांच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (किल्लीसारखी लावायची छोटी कांडी) लागतो आणि त्या डोंगलचा आमच्याकडचा ड्रायव्हर ३२ बिटचाच आहे. गेल्या पंधरा वर्षांतले अहवाल याच टंकांत आहेत. दरवर्षी मागच्या वर्षीची फाईल उघडायची, आकडे बदलायचे, ठराव बदलायचे, असं काम चालतं. युनिकोडमध्ये सगळं नव्याने जुळवायला आता वेळ नाही.

म्हणून वापरलेला एक कॉम्प्युटर घेतला. आय३-६१०० प्रोसेसर, एच११० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, नवी साटा एसएसडी. दुकानदाराने त्यावर विंडोज १० टाकून दाखवलं होतं. माझा जुना डीव्हीडी रायटर पट्ट्याच्या रुंद केबलचा, म्हणजे आयडीईचा. नव्या बोर्डावर ती केबल लावायला जागाच नाही, म्हणून बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणला.

आता अडचण. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) चालू केलं, सिक्युअर बूट बंद केलं. डीव्हीडीवरून बूट होतं, 'प्रेस एनी की' येतं, मी की दाबते, 'विंडोज इज लोडिंग फाइल्स'ची पट्टी पूर्ण भरते. भाषा निवडायची खिडकी येते आणि तिथे कीबोर्ड-माऊस दोन्ही मरतात. माऊसचा लाल दिवाही विझतो. एकदा काकांच्या दुकानातून गोल पिनचा माऊस आणून कसंबसं पुढे गेले तर 'अ रिक्वायर्ड सीडी/डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस ड्रायव्हर इज मिसिंग' असा संदेश. ब्राऊझ केलं तर यादीत डीव्हीडी दिसतच नाही. ज्या डीव्हीडीवरून हे सगळं सुरू झालं तीच दिसत नाही, हे मला समजेना. तीन दिवस यातच गेलेत. कृपया कुणी वाट दाखवा.

प्रतिसाद

ताई, हा संदेश खराब बर्न झालेल्या डिस्कमुळेही येतो. माझ्याकडे दोनदा तसंच झालं होतं. सगळ्यात कमी वेगावर नव्या कोऱ्या डीव्हीडीवर परत बर्न करा. आणि ड्राइव्ह निळ्या पोर्टात लावला असेल तर काळ्या पोर्टात लावून बघा. निळा म्हणजे यूएसबी ३, त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये नसतो.

धागाकर्ती

दादा, दोन्ही करून झालं. हीच डीव्हीडी शेजारच्या झेरॉक्सवाल्यांच्या जुन्या मशीनवर लावली, तिथे पार्टिशनच्या खिडकीपर्यंत बिनतक्रार गेली. तिथूनच बाहेर पडले. माझ्या मशीनवर मागचे दोन्ही काळे पोर्ट आणि पुढचेही वापरून पाहिले. फरक नाही.

प्रतिसाद

एवढं जुनं चालवण्यापेक्षा विंडोज १० वरच व्हर्च्युअल बॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाका आणि त्याच्या आत विंडोज ७ बसवा. आतल्या मशीनला हार्डवेअरचा प्रश्नच येत नाही, डीव्हीडीची आयएसओ फाईल (हुबेहूब नक्कल) दिली की झालं. यूएसबी डोंगलसुद्धा आतल्या मशीनकडे वळवता येतो.

धागाकर्ती

हे डोक्यात आलं होतं आणि दुसरी वाट म्हणून ठेवलंय. पण आमचं काम शेवटी लेझर प्रिंटरवर बटर पेपर काढून त्यावरून प्लेट करण्याचं आहे. पानाचं माप अर्धा मिलिमीटर सरकलं तर दोन रंगांचं मुखपृष्ठ जुळत नाही. प्रिंटरची सगळी सेटिंग मला विंडोज ७ वर पाठ आहे. हंगाम उरकला की तुमचा मार्ग नक्की करून बघेन.

प्रतिसाद

एच११० लिहिलंत तिथेच उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण काळ्या पोर्टाचा सल्ला सगळीकडे दिला जातो आणि या बोर्डावर तो लागू पडत नाही.

मशीन चालू झाल्यापासून 'लोडिंग फाइल्स' संपेपर्यंत कीबोर्ड आणि डीव्हीडी ड्राइव्ह बायोस सांभाळत असतं. म्हणून तुमची की चालते, डिस्क वाचली जाते. ती पट्टी भरते म्हणजे बूट.विम नावाची फाईल रॅममध्ये येते. मग विंडोजचा स्वतःचा गाभा सुरू होतो आणि बायोस बाजूला होतं. तिथून पुढे प्रत्येक पोर्टासाठी विंडोजकडे स्वतःचा ड्रायव्हर लागतो. सेटअप रॅममधून चालू राहतो म्हणून खिडक्या दिसतात, पण त्याला स्वतःची डीव्हीडी दिसत नाही. तो संदेश म्हणूनच फसवा वाटतो. डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये आहेच. तो ज्या यूएसबी कंट्रोलरला लावलाय त्याचा नाही.

विंडोज ७ आलं २००९ मध्ये. त्यात यूएसबी २ चा ईएचसीआय कंट्रोलर ओळखायची सोय आहे, यूएसबी ३ च्या एक्सएचसीआयची नाही. २०१५ च्या लगेच आधीच्या इंटेल बोर्डांवर दोन्ही कंट्रोलर असायचे आणि काळे पोर्ट ईएचसीआयवर चालवता यायचे, म्हणून तो सल्ला तिथे बरोबर होता. २०१५ मध्ये स्कायलेकबरोबर १०० सिरीजचे चिपसेट आले आणि ईएचसीआय काढून टाकला गेला. एच११० त्यातलाच. तुमच्या बोर्डावर काळा पोर्ट असो की निळा, सगळे एक्सएचसीआयच्याच मागे आहेत.

आता वाट. यूएसबीला हात न लावता इन्स्टॉल करायचं. तुमच्या जुन्या मशीनचा कीबोर्ड गोल पिनचा आहे का? आणि मागे अर्धा जांभळा अर्धा हिरवा गोल पोर्ट असेलच, तुम्ही माऊस त्यातच लावला असणार. माऊस काढून कीबोर्ड लावा, तोही मशीन बंद असताना. चालू मशीनला गोल पिन लावू नका. माऊसवाचून सेटअप टॅब, बाणाच्या की आणि एंटरवर पूर्ण होतो. आणि कुणाच्या तरी भंगारातल्या मशीनमधून साटा डीव्हीडी रायटर काढून आणा, पातळ केबलवाला. साटा कंट्रोलर विंडोज ७ ओळखतं, एएचसीआय या नव्या मोडमध्येसुद्धा. बायोसमध्ये तो जुन्या आयडीई मोडला बदलायची गरज नाही.

दुसरा उपाय म्हणजे एक्सएचसीआयचा ड्रायव्हर आयएसओमध्येच मिसळणे. पण तो बूट.विमच्या दोन्ही इंडेक्समध्ये (आतल्या भागांत) आणि प्रत्यक्ष विंडोज ज्यात असतं त्या इन्स्टॉल.विममध्येही घालावा लागतो. नुसत्या बूट.विममध्ये घातला तर सेटअप पार पडतो आणि पहिल्या लॉगिनला कीबोर्ड पुन्हा मरतो. तुमच्याकडे वेळ नाही, तेव्हा साटाच बरा.

आणखी एक. जुनी हार्ड डिस्क मशीनला जोडलेली असेल तर आधी काढून ठेवा. केबल काढूनच, नुसतं बायोसमधून बंद करून नव्हे.

धागाकर्ती

दादा, काय बोलू? तीन दिवसांत पहिल्यांदा कळलं की नक्की कुठे अडलंय. कीबोर्ड गोल पिनचाच आहे, माळ्यावर ठेवला होता. साटा रायटर सांगलीहून भाऊ संध्याकाळी आणतोय. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली.

धागाकर्ती (दुसऱ्या दिवशी)

कीबोर्ड चालला. डीव्हीडीचा संदेश आलाच नाही. पण पार्टिशनच्या खिडकीत आता 'द सिलेक्टेड डिस्क इज ऑफ द जीपीटी पार्टिशन स्टाइल' म्हणून अडलंय. बूट मेनूत डीव्हीडीची एकच नोंद दिसते, यूईएफआयवाली नाही.

प्रतिसाद

३२ बिटची डिस्क आहे, ती यूईएफआयमध्ये, म्हणजे बूटच्या नव्या पद्धतीत, बूट होणारच नाही. म्हणजे तुम्ही जुन्या पद्धतीने बूट केलंत, ते बरोबरच. एसएसडीवर दुकानदाराच्या विंडोज १० ने जीपीटी मांडणी (डिस्कचे भाग पाडायची नवी पद्धत) केलेली आहे, जुन्या पद्धतीने बूट केल्यावर विंडोज ७ ला ती चालत नाही. त्या एसएसडीवर तुमचं काहीच नाही ना? मग त्याच खिडकीत शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी येईल. डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. यादीत एकच डिस्क आहे आणि तिचा आकार एसएसडीचाच आहे हे डोळ्यांनी बघा. मग सिलेक्ट डिस्क ०, क्लीन. त्याने डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. खिडकी बंद करून रिफ्रेश करा. जुनी डिस्क काढायला सांगितली ती या क्षणासाठी.

विंडोज सुरू झालं की बोर्डाबरोबरची डिस्क साटा ड्राइव्हमध्ये घाला. आधी चिपसेट, मग यूएसबी ३, मग लॅन. यूएसबीचा बसला की माऊस आपोआप जागा होईल. रॅम ८ जीबी असली तरी साधारण सव्वातीनच वापरता येईल, ३२ बिटचं बंधन आहे ते. पेजमेकरला पुष्कळ झाली.

आणि कळकळीने सांगतो, ताई, या मशीनला इंटरनेट जोडू नका. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. पतसंस्थांचे आकडे तुमच्याकडे असतात.

धागाकर्ती

झालं. क्लीन केल्यावर सेटअप अर्ध्या तासात पूर्ण झाला. बोर्डाची डिस्क दुकानदाराने दिली नव्हती, पण त्याच कंपनीच्या साइटवर याच मॉडेलचे विंडोज ७ चे ३२ बिटचे ड्रायव्हर होते. पेनड्राइव्ह चालणार नव्हताच, म्हणून दुसऱ्या मशीनवर सीडीवर उतरवून घेतले. यूएसबीचा ड्रायव्हर बसल्याबरोबर माऊसचा दिवा लागला, मग डोंगलचाही. लॅनचा ड्रायव्हर टाकलाच नाही आणि केबलही जोडली नाही.

जुनी डिस्क लावून मागच्या वर्षीचा अहवाल उघडला. जोडाक्षरं, रफार, अर्धा र, सगळं जागच्या जागी. बाबा शेजारी उभे होते, त्यांनी पहिलं पान स्वतः वाचून बघितलं.

मापासाठी एक बटर पेपर काढून जुन्या प्लेटवर ठेवला, जुळला. पहिल्या सोसायटीची सोळा पानं आज रात्री लावते आहे.