टूथपेस्टने भागत नाही, मी हेडलाइटच्या लेन्सच बदलल्या
गाडीच्या पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला टूथपेस्ट घासली की चमक येते म्हणतात ते खरं, पण ती टिकत नाही. लेन्स, म्हणजे पुढचं पारदर्शक आवरण, हल्लीच्या गाड्यांत मुळात काच नसतेच, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. उन्हाने वरचा यूव्ही किरणांपासून वाचवणारा थर गेला की पिवळं पडतं. माझ्या लेन्सना आतूनही तडे होते, म्हणून इथे नाशिकला घरीच दोन्ही बदलल्या. हेडलाइट काढून हीट गनने कडा तापवली की काळं ब्युटाइल (लेन्स चिकटवणारं रबरी सीलंट) च्युइंगमसारखं ताणलं जातं, मग लेन्स हळूहळू उचकटायची. घाई केलीत तर कड तुटते. खाचेतलं जुनं ब्युटाइल पूर्ण खरवडा, नाहीतर पहिल्याच पावसात आत बाष्प धरतं. आणि चंदेरी रिफ्लेक्टरला बोटही लावू नका! शेवटी भिंतीवर झोत जुळवून घ्या. कसारा घाटात रात्री उतरताना रस्त्याकडेचा पांढरा पट्टा आता लांबूनच दिसतो.