सुरमई फ्राय, बांगडा की कॅप्सूल? ट्रायग्लिसराइड २६०

कोथरूडकर:
वडिलांचे (वय ६२) ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३५. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी) चालू आहे. डॉक्टरांनी मटण कमी करून मासे खायला सांगितलंय. रविवारी सुरमई फ्राय असतेच, तेवढी पुरेल का? की फिश ऑइलच्या कॅप्सूल घ्याव्यात?

तिरफळ:
आठवड्यातून दोनदा, दर वेळी शिजवलेला ८५ ते १०० ग्रॅम मासा. पण मासा तेलकट हवा: बांगडा, तारली, पेडवे. स्वस्तातले हेच कामाचे. पापलेट, बोंबील, भिगवणकडचे रोहू-कटला मटणापेक्षा केव्हाही बरे, पण त्यांत ओमेगा-३ ही उपयोगी चरबी कमी. मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो, म्हणून मोठी सुरमई आणि मोरी अधूनमधूनच.

गणेश पेठेत बांगडा घेताना कल्ले लाल, पोट घट्ट आणि मासा बर्फात आहे ना ते बघा. बर्फाविना पडलेल्या बांगड्यात हिस्टामाइन तयार होतं आणि शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, धडधडतं, डोकं दुखतं; लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात.

आहारवही:
खरी गोची फ्रायमध्ये आहे. कढईत तळलं की माशाची थोडी चरबी तेलात उतरते आणि तेल माशात मुरतं. रव्याचा थर तर स्पंजच. त्यापेक्षा तवा नीट तापवून दोन चमचे तेलावर मध्यम आचेवर भाजा. तवा गार असला की साल चिकटून फाटते, मग माणूस आणखी तेल ओततो. साल काढू नका, तिच्याखाली चरबी असते. सर्वांत उत्तम म्हणजे आमसूल-तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं तिखलं. आमसुलाला मीठ असतं, वरून बेतानं घाला. सुका बांगडा आणि सुकट मिठामुळे पथ्यात धरू नका.

आणि कालवणाबरोबर भाताचा डोंगर असेल तर ट्रायग्लिसराइड उतरायचे कसे? ते साखर, भात-मैदा आणि दारूनं वाढतात.

गोळीचाहिशोब:
ट्रायग्लिसराइड उतरवायला ईपीए-डीएचए (माशातल्या ओमेगा-३चे दोन प्रकार) मिळून दिवसाला २ ते ४ ग्रॅम लागतात. दुकानातल्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच असतात. म्हणजे रोज निदान सात! पाकिटावरचा मोठा आकडा तेलाचा असतो, औषधाचा नव्हे. शिवाय मोठ्या डोसनं एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे ठोके अनियमित होण्याची शक्यता वाढते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. एलडीएल माशानं उतरत नाही, स्टॅटिन सोडू नका.

कोथरूडकर:
आभार. श्रावणात जवसाची चटणी चालेल ना?

आहारवही:
चालेल, दोन चमचे रोज, जवस भाजून कुटलेले. अख्खे तसेच बाहेर पडतात. पण त्यातल्या ओमेगा-३चं शरीरात ईपीए-डीएचए फारच थोडं बनतं. मिठाचा हात तिथंही आखडता.