मदत हवी आहे: हॉलच्या कोपऱ्यात न्याहारीची बैठक (मापं, भिंतीची ओल, गाद्या)

पूर्वेची_खिडकी

मुलुंड पूर्वेला सहाव्या मजल्यावर आमचं वन बीएचके आहे. स्वयंपाकघराच्या दाराला लागून हॉलचा एक कोपरा रिकामा पडलाय. तिथे एल आकाराचं बाक, छोटं टेबल आणि एक खुर्ची अशी सकाळच्या चहा-पोह्यांची बैठक करायची आहे.

खिडकीची भिंत ५ फूट ६ इंच, तिला काटकोनात असलेली भिंत ४ फूट. खिडकी पूर्वेला, अ‍ॅल्युमिनियमची सरकती, कट्टा जमिनीपासून ३० इंचांवर, बाहेर बॉक्स ग्रिल. ४ फुटी भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे. त्या भिंतीला खालून दीडेक फुटापर्यंत रंगाचे पोपडे सुटतात. बसणारे चौघं. त्यात सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि मुलगा चार वर्षांचा.

सुतारदादांनी सांगितलंय: बाक १८ इंच उंच, १८ इंच रुंद, टेबल ३० इंच, वर ४ इंची गादी, आत सगळीकडे स्टोरेज, आणि पोपडे झाकायला मागे लाकडी पॅनेल. सोमवारी काम सुरू करतो म्हणाले. मापं बरोबर आहेत का? जादाचा गॅस सिलिंडर बाकाच्या पोटात मावेल का? कापड कुठलं घ्यावं? दिवा कसा असावा?

गुण्या_ओळंबा

सोमवारचं काम थांबवा. मापं चुकली आहेत.

१८ इंची बाकावर ४ इंची गादी म्हणजे बसायची उंची २२ इंच. टेबल ३०चं, म्हणजे मधे उरले ८. टेबलाच्या फळीची जाडी वजा केली की मांड्या अडकणार, आणि मुलाचेच नव्हे, मोठ्यांचेही पाय लोंबकळणार. बसलेली गादी आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांत ११ ते १२ इंच लागतात. त्यामुळे हिशोब गादीपासून खाली करत यायचा, फळीपासून वर नाही. गादी ३ इंची धरा. ती बसल्यावर अर्धा-पाऊण इंच दबते. बाकाच्या फळीचा माथा साडेपंधरा इंचांवर ठेवला तर गादीसकट साडेअठरा, बसल्यावर पावणेअठरा. टेबल २९. अंतर सव्वाअकरा. टेबलाच्या फळीखाली आडवी पट्टी घालू देऊ नका, सुतारांचा हात आपोआप तिकडे जातो आणि गुडघे तिथेच आपटतात.

रुंदी १८ पुरणार नाही. पाठीच्या गादीचे ३ इंच जातात, उरतात १५. एकूण २० घ्या म्हणजे मांडीखाली १७ मिळतील.

आता माणसं. कोपरा ही बसायची जागा नाही, तिथे दोघांचे गुडघे एकमेकांत अडकतात. लांब बाजू ६६ इंच, कोपऱ्याचे २० वजा, राहिले ४६, म्हणजे २३-२३ इंचांत दोघं. आखूड बाजू ४८ वजा २०, २८ इंच, एक माणूस. चौथी खुर्ची. ती सासूबाईंची, आणि ती हात असलेलीच हवी. बाकावर सरकत आत जाणं आणि टेबलाला रेटा देऊन उठणं दुखऱ्या गुडघ्यांना जमत नाही. खुर्चीची बैठक १८ ते १९ इंच, मागे ३ फूट वाट मोकळी.

टेबल ४४ बाय २६ इंच, कोपरे २-३ इंचांच्या गोलाईचे. बाकाच्या कडेवर दोन्ही बाजूंनी २ इंच आत आलं पाहिजे, नाहीतर घास तोंडापर्यंत नेताना पोहे मांडीवर. चार कोपऱ्यांत चार पाय नकोत, बाकावर सरकता येत नाही. एका खांबावर ४४ इंची टेबल डुगडुगतं, तेव्हा उलट्या टीसारखे दोन खांब. ग्रॅनाइटचा मोह असेल तर वजन आधी मोजा: १८ मिमी जाडीचा एवढा तुकडा साधारण ३५ किलो भरतो. पांढरा संगमरवर नको, लिंबू आणि कोकम त्याची चकाकी खातात, हळद डाग सोडते.

प्लाय १८ मिमी, शिक्क्यावर आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं मानक) लिहिलेलंच. आडव्या फळीला दर २२-२३ इंचांवर उभा आधार. कटाई नीट आखली तर बाकाला ८ बाय ४ ची दोन शीट पुरतात, टेबल वेगळं. बाकाची पेटी लादीवर टेकवू नका. रोज फरशी पुसली जाते, ओल्या पोछ्याचं पाणी प्लायच्या कडेतून वर चढतं आणि वर्षा-दोन वर्षांत सनमायका तळापासून फुगतो. किचन ट्रॉलीला लावतात ते ४ इंची पीव्हीसी पाय आणि पुढे काढता येणारी पट्टी, एवढं बास. त्या ४ इंचांत पायाचे चवडे आत जातात, बसायला ते हवंच.

थेंबेथेंबे

पॅनेलबद्दल मी बोलतो. पोपडे वर्षभर सुटतात की फक्त पावसाळ्यात?

पूर्वेची_खिडकी

एप्रिल-मे मध्येही. पांढरी भुकटी पडते. आणि शॉवर त्याच भिंतीला आहे.

थेंबेथेंबे

मग पाऊस निर्दोष आहे. मुंबईत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो, ती ओल जुलैत येते आणि दिवाळीपर्यंत बरीचशी सुकते. मे महिन्यातला लोणा, म्हणजे ही क्षारांची पांढरी भुकटी, बाथरूमच्या पाण्याचाच. त्यावर पॅनेल ठोकलंत तर ओल दिसायची थांबेल, जायची नाही. मागे बुरशी धरेल, वाळवीला अंधार आणि ओलं लाकूड एकाच ठिकाणी मिळेल, आणि न्याहारीच्या जागेला कुबट वास येईल.

आधी चोर पकडा. पोपड्यांच्या कडेने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा. नहाणीचं, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जायचं, तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या कापडाच्या बोळ्याने बंद करा, उंबऱ्याच्या खाली राहील असं इंचभर पाणी भरा, ४८ तास ठेवा. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा, त्यांच्या छताला थेंब दिसला तर तोही पुरावाच. ओल रेघेच्या बाहेर सरकली तर दोष लादीच्या सांध्यांत किंवा नहाणीच्या भोवती. रेघ हलली नाही तर संशय भिंतीतल्या पाइपवर. प्लंबर हातपंपाने लाइनला प्रेशर देतात, सगळे नळ बंद असताना काटा तासाभरात खाली उतरला की जोड गळतोय.

सांधे असतील तर जुनं व्हाइट सिमेंट खरवडून काढा, बाथरूम पूर्ण कोरडं करा आणि इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं, पाणी न शोषणारं मिश्रण) भरा. जमीन आणि भिंत मिळते तो कोपरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच घाईत सुटतो. एवढ्याने थांबलं नाही तर लादी काढून खालचं वॉटरप्रूफिंग नव्याने. ते मोठं काम आहे, पण बाक बसल्यावर करण्यापेक्षा आत्ता केलेलं बरं.

हॉलच्या बाजूचं प्लास्टर ओलीच्या वर फूटभर जास्त धरून विटेपर्यंत काढा. लोणा लागलेल्या प्लास्टरवर पुट्टी मारली की पुट्टीच पुढचा पोपडा. उघडी भिंत तीन-चार आठवडे वाळू द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. वाळली का, हे बघायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूने दव दिसलं तर थांबा.

गुण्या_ओळंबा

याला जोडून: मग एल एकसंध करूच नका. खिडकीकडची पेटी भिंतीला पक्की, बाथरूमच्या भिंतीकडची सुटी. दोन्ही आतून दोन बोल्टांनी जोडा. बोल्ट काढले की आखूड पेटी पुढे ओढून भिंत बघता येते. तिच्या मागे इंचभर फट, पाठीच्या फळीत जाळीची दोन भोकं.

स्टोरेजही सगळीकडे नको. लांब पेटीला समोरून खण काढलेत तर टेबलाचे खांब आडवे येतात. वरून उघडणारं झाकण करा, पण प्रत्येक वेळी गादी उचलावी लागते, म्हणून आत मोदकपात्र, मखराचं सामान असं वर्षातून एकदा लागणारं. रोजच्या वस्तूंसाठी आखूड पेटीच्या उघड्या टोकाला एक खण, वाटेकडून उघडणारा. झाकणाला ते धरून ठेवणारे, एकदम आपटू न देणारे गॅसचे दांडे लावा आणि मागच्या कडेला बोट जाईल इतकी फट ठेवा, चार वर्षांचं बोट तिथेच जातं.

सिलिंडर अजिबात नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर बंद पेटीच्या तळाशी साठतो, वास वर यायला वेळ लागतो.

दोन_गज

मोजमापं छान झाली, पण मुलाचा मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटला. कट्टा ३० इंचांवर, गादी साडेअठरावर. मुलगा गादीवर उभा राहिला की कट्टा त्याच्या गुडघ्याच्या जरासा वर येतो, एका पावलात तो खिडकीत. ग्रिलच्या गजांमधलं अंतर टेपने मोजा, ४ इंचांपेक्षा जास्त कुठेही नको. आडवे गज असतील तर ती शिडीच आहे, आतून उभे गज जोडून घ्या. मच्छरदाणीची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. सरकत्या तावदानाला ४ इंचांवर अडवणारा खटका मिळतो, तो बसवा. मात्र ग्रिल कायमचं बंद करू नका, आगीच्या वेळी आतून उघडणारा एक भाग हवाच.

आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायची बारीक भोकं असतात. ती धुळीने बुजतात, मग पन्हळीत साठलेलं पाणी आत उलटतं आणि थेट गादीवर येतं. मे अखेरीस तारेने साफ करा. सिलिकॉन मारणाऱ्याला ती भोकं दाखवून ठेवा, नाहीतर तो हौसेने तीही बुजवतो.

पन्ना_५४

गाद्या. ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो वजनाचा) फोम घ्या. त्याहून हलका रोजच्या बसण्याने सहा-आठ महिन्यांत खड्डा धरतो.

६६ इंची सलग गादी करू नका, खोळ धुवायला काढणं आणि परत चढवणं म्हणजे कुस्ती. पण बरोबर मधे कापलीत तर जोड पहिल्या माणसाच्या खाली येतो. पाठीच्या गादीचे ३ इंच सोडून ६३ उरतात, ते ४० आणि २३ असे तोडा, म्हणजे जोड दोन माणसांच्या मधे पडतो. आखूड बाजूची तिसरी गादी २८. सगळ्या १७ इंच रुंद. फोम खोळीपेक्षा अर्धा इंच मोठा कापा, तरच कापड ताठ राहतं.

५४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर वरची बाजू, खालची बाजू आणि कडेच्या पट्ट्या एकाच पन्ह्यात बसतात, ३ मीटर पुरेल. सुती घेतलंत तर शिवण्याआधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यानंतर चेन लागत नाही. रेक्झिन पुसायला सोपं, पण एप्रिलच्या घामात मांड्या चिकटतात. माझं मत सुती-पॉलिएस्टर मिश्रण, मध्यम रंग, बारीक नक्षी. हळदीचे डाग पिवळ्या-मातकट रंगात लपतात, राखाडीत ओरडतात. मंगलदास मार्केटमध्ये फिरून बघा, रविवारी जाऊ नका. सोलापुरी चादरीच्या खोळी दिसतात देखण्या, फक्त जुलैत तीन दिवस वाळत नाहीत आणि शेवेचा चुरा त्या विणीत घट्ट बसतो. ती वरून पसरायला ठेवा.

गादीखालच्या फळीला इंचाची आठ-दहा भोकं पाडून घ्या, खोळीच्या तळाला जाळीचं कापड लावा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाद्या पंख्याखाली उभ्या करा. बुरशी नेहमी तळाशी धरते, वरून काहीच कळत नाही.

लुकलुक

पिवळसर उजेड, २७०० ते ३००० केल्विन, ५ ते ७ वॅट. लटकता दिवा टेबलापासून ३० इंच वर. पण हॉलचा पंखा जवळ असेल तर वायरवर लटकलेला दिवा दिवसभर झुलतो आणि ताटावर सावल्या नाचतात. त्यापेक्षा बाथरूमच्या नव्हे, खिडकीच्या भिंतीवर आडवा दांडा काढून त्याला दिवा अडकवा. लोहार चाळीत दांडे आणि शेड वेगवेगळे मिळतात.

पूर्वेची खिडकी म्हणजे आठच्या सुमारास ऊन समोरच्या खुर्चीच्या डोळ्यांत, म्हणजे सासूबाईंच्याच. जाड पडदा नको, बांबूचा चिकाचा पडदा अर्ध्यावर सोडला की उजेड राहतो, तिरीप जाते. डिसेंबरात सूर्य उगवतो तो बराच दक्षिणेकडे सरकून, तेव्हा पडद्याची रुंदी खिडकीपेक्षा दोन्हीकडे ४-४ इंच जास्त घ्या.

रंगाबद्दल एकच: पाठीच्या गादीच्या वर भिंतीला तेलकट डोकी टेकतात. तिथे धुता येणारा सॅटिन रंगच.

पूर्वेची_खिडकी

सगळ्यांचे आभार. सुतारदादांना महिन्याभराने या म्हटलंय, जरा फुरंगटले. आज नहाणी बंद करून पाणी भरलंय, रेघ मारलीय. नवी मापं: फळी साडेपंधरा, गादी ३, रुंदी २०, टेबल २९ उंच, ४४ बाय २६. आखूड पेटी सुटी. सिलिंडर रद्द. ग्रिल मोजलं, एका जागी ५ इंच निघालं, उद्या फॅब्रिकेटर येतोय. एक शंका: साडेपंधरा हे माप लादीपासून की पीव्हीसी पायांच्या वरून?

गुण्या_ओळंबा

लादीपासून, पाय आणि सनमायका धरून. सुताराला कागदावर नुसता आकडा देऊ नका, त्याच्यासमोर भिंतीवर लादीपासून मोजून आडवी रेघ मारा. लादीला नहाणीकडे किंवा बाल्कनीकडे उतार असतो, तेव्हा दोन्ही टोकांना मोजा आणि जिथे लादी उंच आहे तिथून धरा. बाकी फरक पीव्हीसी पाय फिरवून भरून निघतो.

पूर्वेची_खिडकी

३० तास झाले. रेघेच्या बाहेर बोटभर ओल आलीय, शॉवरच्या कोपऱ्याकडे.

थेंबेथेंबे

मिळाला चोर. पाणी सोडून द्या, आणि ग्राउट भरल्यावर तीच परीक्षा पुन्हा एकदा, त्याच रेघेवर. प्लास्टर त्यानंतरच काढा.