अर्थिंग किट बसवून वॅगन आरचं ॲव्हरेज खरंच वाढतं का?

घाटातली_वॅगनआर (सातारा)
गाडी २००७ ची, पेट्रोल. हायवेला सोळा-सतरा द्यायची, आता तेराच्या वर जात नाही. यवतेश्वरचा घाट चढताना मिसिंग करते, पावसात जास्तच. सकाळी सेल्फ जड फिरतो, बॅटरी मात्र नवीन आहे. एका दुकानदाराचं म्हणणं, अर्थिंग किट (बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीला जोडायच्या जादा वायरी) आणि इरिडियम प्लग टाका, तीन-चारने ॲव्हरेज वाढेल. साडेचार हजार सांगतोय. टाकू का?

मिरजेचा_बाळू
माझ्या गाडीत आहे किट. हेडलाइट जरा उजळ वाटते, ॲव्हरेजचं काय कळलं नाही. बॉनेट उघडलं की निळ्या वायरी भारी दिसतात राव.

वायरमन_एमआयडीसी (सातारा)
दादा, पाकीट नंतर काढा, आधी मल्टीमीटर काढा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नको, शिशाच्या खांबावरच. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ च्या आत आला तर अर्थिंग ठणठणीत, किटवाल्याला रामराम करा. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला तर कुठेतरी गंज धरलाय. मग लाल पिन बॉडीवर लावून बघा. बॉडीवर कमी आणि इंजिनवर जास्त, म्हणजे इंजिनकडे जाणारी अर्थ वायर गेली.

ही वायर वरून धड दिसते, लगमध्ये, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीत, मात्र हिरवी भुकटी झालेली असते. अजून एक खूण सांगतो. सेल्फ मारून झाल्यावर क्लच केबलला हात लावा. गरम लागली तर सेल्फचा करंट तिथून वाट काढतोय.

आता ॲव्हरेजचं. कूलंटच्या टेम्परेचर सेन्सरचा रेझिस्टन्स इंजिन गार असताना जास्त असतो, तापल्यावर कमी होतो. त्याच्या अर्थच्या वाटेत गंज धरला की रेझिस्टन्स वाढतो, ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन गारच आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत बसतो. ते नीट केलं की गेलेलं परत येतं. कंपनीने दिलं त्याच्या वर एक किलोमीटरही मिळत नाही.

ठिणगीचंही तेच. चूल काडीने पेटवा नाहीतर मशालीने, भाकरीला जाळ तेवढाच लागतो. पण मिसिंग असेल, म्हणजे ठिणगीच चुकत असेल, तर नुकसान दुहेरी. न पेटलेलं पेट्रोल तर वाया जातंच, वर एक्झॉस्टच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक दिसला की तिथला सेन्सर सांगतो ‘पेट्रोल कमी पडतंय’, आणि ईसीएम अजून ओततो. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो तो वेगळाच.

पावसात वाढतं म्हणताय, तर माझा संशय प्लगच्या केबलींवर. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून केबलींवर बाटलीने हलका फवारा मारा. तडा असेल तिथे निळी ठिणगी उडताना दिसेल. हात लांब ठेवा, वीस हजार व्होल्टच्या वरचा मामला आहे. चालू गाडीत केबल उपसून ठिणगी बघू नका, त्यात ठिणगीचा व्होल्टेज बनवणारी कॉइल जाते. आणि इरिडियम प्लग जास्त टिकतो, बाकी जादू नाही. प्लगच्या टोकांमधला गॅप मॅन्युअलमध्ये असेल तोच.

कृष्णाकाठ (सांगली)
गाडी सेकंडहँड असेल तर आमच्याकडच्या २०१९ च्या पुरात बुडालेली नाही ना, हेही बघा. अशा गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या. डॅशमागचे आणि सीटखालच्या कार्पेटखालचे अर्थचे बोल्ट नंतर सडत जातात.

घाटातली_वॅगनआर (सातारा)
सेकंडहँड नाही, घरचीच आहे. बॉडीवर ०.१ आला, इंजिनवर ०.७! ओढल्यावर लग हातातच आला. फवाऱ्याने एक केबलही चमकली. आता वायर कुठली घेऊ?

वायरमन_एमआयडीसी (सातारा)
जुनीएवढी जाड तांब्याची केबल, लग दाबून बसवलेला. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते, ती नको. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, बोल्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. केबलींचा पूर्ण सेट बदला, एकटी नको. आणि टाकी फुल ते फुल मोजायच्या आधी टायरची हवा बघा. ती कमी असेल तर उगाच माझ्या नावाने शंख कराल.