‘कॅरी अँड लोवेल’: आईच्या मृत्यूवरच्या या अल्बममधील संयम तुम्हांला पटतो का? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या श्रोत्यांची चर्चा)

धरमपेठ

सुफ्यान स्टीव्हन्स या अमेरिकी गायक-गीतकाराचा ‘कॅरी अँड लोवेल’ हा अल्बम मार्च २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची आई कॅरी डिसेंबर २०१२मध्ये पोटाच्या कर्करोगाने वारली. तो वर्षाचा असतानाच ती घर सोडून गेली होती. तिला स्किझोफ्रेनिया होता, मद्याचे व्यसन होते, आणि लोवेल ब्रॅम्स या सावत्र वडिलांमुळे बालपणीचे काही उन्हाळे तेवढे त्याला ओरेगन राज्यात तिच्या सहवासात मिळाले. अल्बमच्या मुखपृष्ठावर कॅरी आणि लोवेल या दोघांचेच जुने छायाचित्र आहे.

अकरा गाण्यांत ड्रम जवळजवळ नाहीत. गिटार, बँजो, मागे सिंथेसायझरचा लांबवलेला सूर आणि कुजबुजीच्या जवळ जाणारा आवाज, एवढ्यावर पाऊण तासाला थोडा कमी असा हा अल्बम उभा आहे. याच कलावंताने २००५च्या ‘इलिनॉय’मध्ये तुताऱ्या, व्हायोलिने आणि समूहस्वरांचा मोठा वाद्यमेळ वापरला होता. त्यामुळे येथील साधेपणा हा निवडलेला साधेपणा आहे, असे मी मानतो. ज्या आईवर रागावण्याची सर्व कारणे हाताशी आहेत तिच्याविषयी गाताना एकदाही आवाज चढू न देणे मला फार मोठे वाटते, आणि अलीकडच्या काळात शोक इतक्या सभ्यपणे गायलेला मी ऐकलेला नाही.

तानपुरा

आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. हा अल्बम सभ्य वाटतो, कारण आवाज हळू आहे; मजकूर मात्र मुळीच राखून बोलत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला आई व्हिडिओच्या दुकानात सोडून जाते, हा प्रसंग जसाच्या तसा सांगितला जातो. आपण नागपूरकर कवी ग्रेस यांच्या शहरात राहतो. आईचे दुःख त्यांच्याही कवितेच्या मुळाशी आहे, परंतु ते पाऊस, संध्याकाळ, अरण्य अशा प्रतिमांतून इतके पालटून येते की वाचकाला कवीचे चरित्र ठाऊक असण्याची गरज उरत नाही. येथे मात्र आपण स्वतः पहिल्याच परिच्छेदात चरित्र सांगितलेत, कारण त्यावाचून ही गाणी अर्धीच उरतात.

चालींबद्दलही माझी तक्रार आहे. एकामागून एक गाणी त्याच मंद लयीत आणि त्याच कुजबुजीत येतात, आणि सातव्या-आठव्या गाण्यापर्यंत दुःखाची धार बोथट होते. स्वतः स्टीव्हन्सने २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या थेट कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणात हीच गाणी मोठ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यमेळासह सादर केली. मूळ रूपात काहीतरी अपुरे राहिले असल्याची ही कबुलीच मला वाटते.

वर्धा रोड

मी गिटार वाजवतो, म्हणून चालींपुरतेच लिहितो. लय मंद आहे हे खरे, पण उजव्या हाताची बोटे सतत चालू असतात. सूर एकेक करून छेडण्याची ही पद्धत गाण्याला आतून वाहते ठेवते. ‘शुड हॅव नोन बेटर’ हे गाणे मध्यावर ऐकावे. तेथे गिटार मागे सरते, कीबोर्डची उजळ चाल सुरू होते, आणि भावाला झालेल्या मुलीचा उल्लेख येतो. शोकाच्या मधोमध घरात नवे मूल आल्याचा हा आनंद इतक्या कमी साधनांत उभा करणे सोपे नाही. ‘यूजीन’ या गाण्यात पोहण्याचे शिक्षक त्याचे नाव उच्चारता न आल्याने त्याला ‘सुबारू’ (एका जपानी मोटारीचे नाव) म्हणत, ही लहानशी आठवण आहे. तिच्यात हसू आहे आणि परकेपणाही आहे. एकसुरी अल्बममध्ये अशा जागा सापडत नाहीत.

थेट कार्यक्रमाचा मुद्दा मला पटत नाही. मोठ्या सभागृहात हजारो माणसांपुढे कुजबूज पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

तानपुरा

सुबारूची जागा उत्तम आहे, हे मान्य. परंतु माझा मूळ आक्षेप नैतिक आहे आणि त्याला अजून कोणी हात लावलेला नाही. ‘फोर्थ ऑफ जुलाय’ हे गाणे मृत्युशय्येवरील आई आणि मुलगा यांच्यातील संवाद आहे. त्यात आई त्याला पाखराच्या नावाने हाक मारते आणि तुला पुरेसे प्रेम मिळाले का, असे विचारते. हे शब्द मुलाने तिच्या तोंडी घातलेले आहेत, आणि ते नाकारायला ती हयात नाही. २०२५मध्ये अल्बमला दहा वर्षे झाली तेव्हा स्टीव्हन्सने स्वतः या कामाविषयी संकोच व्यक्त केला, आणि आईला यात ओढल्याची बोच बोलून दाखवली. कलावंतालाच जे खुपते आहे, त्याला आपण ‘सभ्य’ का म्हणावे?

धरमपेठ

कारण ही बोच दहा वर्षांनी सुचलेली नाही. ती अल्बममध्येच आहे. ‘यूजीन’च्या शेवटी तो विचारतो की, ज्यांच्यासाठी गायचे त्यांना ते कधीच ऐकू येणार नसेल तर गाण्याचा उपयोग काय. या प्रश्नावर गाणे थांबते, उत्तर देत नाही. ‘फोर्थ ऑफ जुलाय’मधल्या आईबद्दल म्हणाल, तर ते शब्द तिचे आहेत असा दावा मला कोठे ऐकू येत नाही. मुलाला जे आयुष्यभर ऐकायचे होते ते तो तिच्याकडून वदवून घेतो, आणि गाण्याच्या अखेरीस ‘आपण सगळे मरणार आहोत’ हे ध्रुपद इतक्या वेळा येते की त्या कल्पित सांत्वनाचाही आधार उरत नाही. स्वतःच्या गरजेची इतकी उघड नोंद करणाऱ्यावर मृत व्यक्तीचा वापर केल्याचा आरोप मी करू शकत नाही.

तानपुरा

ध्रुपदाचे आपले वाचन मी स्वीकारतो. तरीही शंका गाण्यात नोंदवणे आणि ती असूनही आईचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापणे, या दोन गोष्टी माझ्या मनात अद्याप एकत्र बसत नाहीत.