शब्दचर्चा: ‘ग्राह्य’ निवडणूक, भिडेचे शेजारी

गोदाकाठ
एका दिवाळी अंकासाठी झिम्बाब्वेवर लेख लिहिते आहे. तिथले तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांच्या २००२ आणि २००८ च्या निवडणुका आणि त्या वेळी दक्षिण आफ्रिका, झांबिया, बोत्स्वाना हे शेजारी कसे वागले, एवढाच विषय. मुगाबेंसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. अडलंय ते शेजाऱ्यांपाशी.

पहिली अडचण २००२ ची. विरोधकांना मारहाण झालेली, विरोधकांचा जोर असलेल्या राजधानी हरारेत मतदान केंद्रंच कमी केलेली, लोक रांगांत ताटकळलेले. युरोपीय संघाने निरीक्षक आधीच परत बोलावले होते. राष्ट्रकुलाच्या निरीक्षकांनी निवडणूक नापास केली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी पथकाने मात्र गंमत केली. निवडणूक ‘फ्री अँड फेअर’ होती असं म्हटलंच नाही, ती ‘लेजिटिमेट’ मानावी असं म्हटलं. मी ‘वैध’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘कायदेशीर’ केलं. मला दोन्ही खटकतंय.

टाकबोरू
‘कायदेशीर’ तर नकोच. ते ‘लीगल’ झालं. ‘वैध’ त्यातल्या त्यात बरा, पण पथकाने जे मोघम ठेवलं होतं ते ‘वैध’ने अगदी ठाम होतं. तसं पाहिलं तर लेजिटिमेट संततीला आपल्याकडे ‘औरस’ म्हणतात. ‘औरस निवडणूक’ कसं वाटतं?

गोदाकाठ
संपादक मला घरी पाठवतील.

निवृत्त कारकून
ताई, यासाठी आमच्या कचेरीत रोजचा शब्द आहे: ग्राह्य धरणे. दाखल्याची झेरॉक्स साक्षांकित नाही, नावात एक काना कमी आहे, मुदत दोन दिवसांनी टळली आहे. साहेब शेरा मारतात, ‘सदर कागद ग्राह्य धरावा’. म्हणजे कागद खरा आहे असं साहेब म्हणत नाहीत, खोटा आहे असंही म्हणत नाहीत. आम्ही घेतला, आता फाईल पुढे सरकू द्या, एवढाच अर्थ. तुमच्या त्या पथकाने निवडणूक ग्राह्य धरली.

टाकबोरू
हे फिट्ट बसलं. शिवाय ‘मानावी’ हे क्रियापदही ‘धरावी’त आपोआप येतं. ‘वैध आहे’ हे विधान झालं, ‘ग्राह्य धरावी’ ही शिफारस. ‘फ्री अँड फेअर’चं काय केलंत? ‘मुक्त व न्याय्य’ कृपया नको. २५ जानेवारीला शाळा-कॉलेजांत मतदारांची प्रतिज्ञा होते, तिच्यात ‘मुक्त, निःपक्षपाती’ असे शब्द आहेत. तेच घ्या, लोकांच्या कानावर आहेत.

गोदाकाठ
कारकूनकाका, तुमच्या शब्दाला पुढे कशी पुष्टी मिळते बघा. त्याच निवडणुकीसाठी दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो म्बेकींनी स्वतःच्या दोन न्यायाधीशांनाही पाठवलं होतं, सिसी खांपेपे आणि डिकगांग मोसेनेके. त्यांनी अहवाल दिला. सरकारने तो दाबून ठेवला. एक वृत्तपत्र वर्षानुवर्षं कोर्टात भांडलं, तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये तो बाहेर आला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की ही निवडणूक मुक्त व निःपक्षपाती मानता येणार नाही. जगाला सांगितलं ‘ग्राह्य’, आणि टेबलाच्या खणात बारा वर्षं दुसराच कागद.

निवृत्त कारकून
म्हणजे टिपणी एक आणि शेरा दुसरा. टिपणी खालचा माणूस लिहितो, त्याला जे दिसलं ते. शेरा वरचा मारतो, त्याला जे परवडतं ते. आम्हाला यात नवल नाही.

पाटीपेन्सिल
विषयांतराबद्दल माफी, पण २००८ चं लिहाल तेव्हा ‘फेरमतदान’ लिहू नका. त्या वेळी बऱ्याच मराठी बातम्यांत ही चूक वाचल्याचं आठवतं. फेरमतदान म्हणजे एखाद्या केंद्रावर गडबड झाली, मतदान रद्द झालं, म्हणून पुन्हा घेतलं. झिम्बाब्वेत पहिली फेरी रद्द झाली नव्हती. २९ मार्चला मतदान झालं, अध्यक्षपदाचा निकाल थेट २ मेला लागला. विरोधी नेते मॉर्गन चांगिराईंना ४७.९ टक्के, मुगाबेंना ४३.२. निम्म्याहून जास्त कुणालाच नाही, म्हणून २७ जूनला दोघांतच दुसरी फेरी. ‘फेरमतदान’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं पहिल्या फेरीत काहीतरी खोट होती. खोट दुसरीत होती.

गोदाकाठ
अगदी बरोबर. मी ‘निर्णायक फेरी’ लिहिलं होतं, पण ‘दुसरी फेरी’च बरी. तिने काय निर्णय लावला कोण जाणे. आणि त्यातच पुढचा प्रश्न: मारहाण आणि खून वाढले तेव्हा २२ जूनला चांगिराई बाजूला झाले आणि हरारेतल्या डच वकिलातीत आसऱ्याला गेले. याला ‘उमेदवारी मागे घेतली’ म्हणायचं का?

पाटीपेन्सिल
नको. अर्ज मागे घेण्याची मुदत असते, ती गेली की नाव मतपत्रिकेवर राहतं. तिथल्या निवडणूक आयोगाने नेमकं हेच कारण पुढे केलं की पत्र उशिरा आलं, माघार लागू होत नाही. नाव छापलेलंच राहिलं, मतदान झालं, आणि मुगाबेंना ८५ टक्क्यांवर मतं पडल्याचं जाहीर झालं. म्हणून ‘बिनविरोध’ही लिहिता येणार नाही. आपल्या ग्रामपंचायतीत बिनविरोध म्हटलं की मतदानच होत नाही, गुलाल तेवढा उधळतात. ‘चांगिराईंनी मैदान सोडलं’ म्हणा. त्यात कायद्याचा भाग येत नाही, आणि मैदान का सोडलं हे पुढच्या वाक्यात सांगता येतं.

गोदाकाठ
घेतलं. आता मूळ दुखणं. म्बेकींच्या धोरणाला सगळं जग ‘क्वाएट डिप्लोमसी’ म्हणायचं. मराठीत ‘मौन मुत्सद्देगिरी’ वाचलंय. पटत नाही, कारण म्बेकी मौनात नव्हतेच. १२ एप्रिलला झांबियाच्या लुसाकात आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या संघटनेची तातडीची बैठक होती. मुगाबे गेलेच नाहीत, चांगिराई गेले. म्बेकी वाटेत हरारेत उतरले, मुगाबेंना भेटले, हातात हात घालून उभे असलेले फोटो जगभर छापून आले, आणि पत्रकारांना म्हणाले की याला मी पेचप्रसंग म्हणणार नाही. मतदानाला दोन आठवडे झालेले, निकालाचा पत्ता नाही, आणि पेच नाही! रात्रभर चाललेल्या बैठकीनंतर निवेदन आलं की निकाल ‘एक्स्पिडिशियसली’ लावावा. याला मी ‘विनाविलंब’ लिहिलं आहे.

निवृत्त कारकून
विनाविलंब? वर पाटीपेन्सिलनी लिहिलंय, निकाल २ मेला आला. बैठकीनंतर वीस दिवस. यथावकाश म्हणा.

टाकबोरू
काका, निवेदनात होतं ते भाषांतरात हवं, झालं ते नको. 🙂 ‘मौन’ चूकच. ‘पडद्याआडची’ म्हणता येईल, पण त्यात कटाचा वास येतो. ‘मुत्सद्दी’ शब्दाचा प्रवासही मजेदार आहे. मूळ अरबी, आणि उत्तरेत त्याचा अर्थ कारकून, हिशेबनीस. आपल्याकडे मराठेशाहीत तोच माणूस राजकारण जाणणारा झाला. म्हणजे आपले निवृत्त कारकून जुन्या अर्थाने मुत्सद्दीच.

जोबर्गकर
मी २००७ ते २०११ जोहान्सबर्गमध्ये होतो. आमच्या इमारतीचा रखवालदार झिम्बाब्वेचा, गावाकडे शाळामास्तर होता. सीमेवरच्या बाइटब्रिजवरून लिंपोपो नदी ओलांडून आलेल्या हजारोंपैकी एक. मुगाबेंना तो चिडून शिव्या द्यायचा, पण नाव कधी घ्यायचा नाही. ‘मुधारा’ म्हणायचा. शोना भाषेत मुधारा म्हणजे म्हातारा. (ध्वनिसाम्य योगायोगाचं आहे, कुणी व्युत्पत्ती काढत बसू नका.) शिवी देतानाही वडीलधाऱ्याचा शब्द. मला वाटतं तुमच्या ‘क्वाएट’ची गोम इथे आहे. मुगाबे ८४ वर्षांचे, १९८० मध्ये गोऱ्यांच्या राजवटीतून देश सोडवलेले. म्बेकींचा पक्ष त्यानंतरही दहा वर्षं बंदीखाली होता. अशा माणसाला तोंडावर ‘तुम्ही हरलात’ कसं म्हणायचं? याला मौन नाही, भीड म्हणतात.

गोदाकाठ
भीड! ‘भिडेची मुत्सद्देगिरी’. दोन दिवस हाच शब्द शोधत होते. भिडेखातर माणूस गप्प बसतो असं नाही, बोलतो, पण बोचणार नाही असं बोलतो. ‘मी याला पेचप्रसंग म्हणणार नाही’ हे वाक्य शंभर टक्के भिडेचं आहे.

पाटीपेन्सिल
थांबा जरा. भीड फार गोड शब्द आहे. भिडेत माणूस स्वतःचं नुकसान करून घेतो, म्हणून तर भीड भिकेची बहीण. म्बेकींचं काय नुकसान होत होतं? चांगिराई कामगार पुढारी. त्यांचा पक्ष कामगार संघटनांतून उभा राहिलेला. शेजारी कामगार संघटनांनी मुक्तिलढ्याच्या पक्षाला पाडलं तर आपल्याकडेही लोकांना कल्पना सुचेल, ही धास्ती दक्षिण आफ्रिकेच्या सत्ताधाऱ्यांना नसेल? याला सोय म्हणतात.

आणि भीड सगळ्यांना होती असंही नाही. त्याच एप्रिलमध्ये चिनी जहाज झिम्बाब्वेसाठी ७७ टन शस्त्रं घेऊन डर्बनला आलं. सरकार म्हणालं, आम्हाला अडवता येत नाही. गोदी कामगार म्हणाले, आम्ही उतरवत नाही. जहाज माल न उतरवता गेलं. मुत्सद्देगिरी त्याला म्हणा.

जोबर्गकर
सोय होतीच, नाकारत नाही. पण नुकसानही झालं. मे २००८ मध्ये आमच्याच शहरातून परक्यांवरचे हल्ले सुरू झाले, देशभर साठावर माणसं मारली गेली, त्यांत झिम्बाब्वेवालेही होते. आमचा रखवालदार तीन आठवडे इमारतीबाहेर पडला नाही. शेजाऱ्याचं घर जळताना भीड धरली की धूर आपल्या घरात येतोच. ते नुकसान म्बेकींचं नव्हतं, हे मात्र खरं.

टाकबोरू
मग दोन्ही शब्द वापरा. म्बेकींना भीडही होती आणि ती सोयीचीही होती. आता ज्यांनी भीड सोडली त्यांचं बघू. झांबियाचे लेव्ही म्वानावासा २००७ मध्येच झिम्बाब्वेला बुडतं टायटॅनिक म्हणाले होते. लुसाकाची बैठक त्यांनीच बोलावली. पुढे इजिप्तमध्ये आफ्रिकी संघाच्या परिषदेच्या तोंडावर त्यांना पक्षाघात झाला आणि ऑगस्टमध्ये ते गेले. राहिला बोत्स्वाना. त्यांनी ‘मान्यता नाकारली’ असं लिहिणार असाल तर सावध. देशाला मान्यता, सरकारला मान्यता आणि निकाल मान्य असणं या तीन गोष्टी आहेत. वकिलात चालू ठेवूनही निकाल अमान्य करता येतो.

निवृत्त कारकून
मोर्तब. जुन्या पत्रांत वर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ आहे. म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली, याखाली कुणी काही वाढवू नये. आपण ‘शिक्कामोर्तब’ एका दमात म्हणतो आणि दोन वेगळे ठसे विसरतो. तिथल्या आयोगाने शिक्का मारला. मोर्तब शेजाऱ्यांच्या हातात होतं.

गोदाकाठ
काका, यावर लेखाचा शेवटचा भाग उभा राहतो. २९ जूनला मुगाबेंनी शपथ घेतली आणि लगोलग इजिप्त गाठलं. शेजारी देशांच्या त्याच संघटनेच्या निरीक्षकांनी, मार्चमध्ये कौतुक करणाऱ्यांनीच, यावेळी म्हटलं होतं की हा जनतेचा कौल नाही. तरी परिषदेत खुर्ची मिळाली. ठराव झाला तो मुगाबे आणि चांगिराईंनी मिळून सरकार करावं असा. बोत्स्वानाने तिथेच मागणी केली की या सरकारला बैठकांना बसवू नये. त्यांचे अध्यक्ष इयन खामा झिम्बाब्वेच्या पहिल्या फेरीनंतर तीन दिवसांनी पदावर आले होते. ऑगस्टमधल्या संघटनेच्या जोहान्सबर्गच्या बैठकीला मुगाबे येणार म्हणून ते गेलेच नाहीत. ‘बोत्स्वानाने मोर्तब केलं नाही’ असं लिहिते.

गोदाकाठ (आठवड्याने)
लेख गेला. संपादकांनी ‘ग्राह्य’ ठेवलं, ‘मोर्तब’ ठेवलं, ‘भीड’ काढून ‘संकोच’ केलं. म्हणे शहरी वाचकांना कळणार नाही.

निवृत्त कारकून
फोन करा त्यांना. भिडेखातर गप्प बसू नका.